अकरा नंबरची कडबोळी

ऐन तारुण्यातली चार वर्षं मी उंदीर किती वेळा लघवी करतात ते मोजण्यात घालवली. (मोजणी अचूक होती. त्या चार वर्षांबद्दल छातीठोकपणे एवढंच सांगता येतं.)

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली माझ्या वयाची मुलं तेव्हा एकेक करून कॉम्प्युटरमध्ये शिरत होती आणि अमेरिकेत बाहेर पडत होती. मी वाघोलीच्या पुढे, परदेशी औषध कंपन्यांना प्रयोग करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत शिरलो आणि रोज संध्याकाळी कंपनीच्या बसने तिथूनच बाहेर पडायचो. काम असं होतं. उतारवयात पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवीची वाट आवळली जाते आणि मूत्राशय बिथरतं. त्यावर औषध शोधायचं, तर आधी तोच बिघाड उंदरात करायचा. मग त्याला पिंजऱ्यात चार तास जाड पांढऱ्या टीपकागदावर ठेवायचं. नंतर कागद एका खास जांभळ्या दिव्याखाली धरला की डाग चमकतात. त्यांच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळं काढायची. धडधाकट उंदराच्या कागदावर दोन-तीन मोठी वर्तुळं, तीही एका कोपऱ्यात. (उंदीर मूळचा शिस्तीचा असतो.) बिघडलेल्याच्या कागदावर मात्र जिकडेतिकडे बारीक ठिपके!

आईला मी ‘औषधांच्या संशोधनात आहे’ एवढंच सांगितलं होतं. अण्णांना सगळं ठाऊक होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून खडकवासल्याला नेत असे, मी कॉलेजात असल्यापासून. धरणाच्या भिंतीजवळ बसून ते कणीस खात आणि समोरचं पाणी कुठून आलं, कुठे जाणार, ते मला नव्याने शिकवत. “हे बघ, हे उद्या सकाळी तुझ्या बादलीत.” दर रविवारी हेच वाक्य. मला ते पाठ होतं आणि तरी ऐकायचं असायचं.

मी नोकरीला लागून वर्ष झालं आणि अण्णांनी यायचं बंद केलं.

“अण्णा, निघायचं ना?”

“नको. पाणी बघून बघून कंटाळा आला.”

“कणीस?”

“दात.”

विषय संपला! पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी कारण शोधून काढलं. तळमजल्यावरच्या बापटकाकांचा श्रीकांत नुकताच अमेरिकेला गेला होता. उंदरांमागे लागलेल्या मुलाच्या स्कूटरवर बसायची अण्णांना लाज वाटत असणार! मला ते फार लागलं. मी विचारलं मात्र नाही. संशोधकाला एकदा निष्कर्ष मिळाला की तो प्रश्न विचारत नाही.

गंमत म्हणजे, माझ्या कामाची चौकशी ते रोज करत. विशेषतः अकरा नंबरच्या उंदराची. त्याच्याबद्दल मी एकदा सहज बोललो होतो, तेव्हापासून तो आमच्या घरचा विषय झाला होता.

“आज अकराचं काय?”

“चोवीस.”

“चार तासांत? अरेरे.” मग चष्मा पुसत, “झोप लागते का रे त्याला?”

“मध्ये मध्ये उठतो.”

“आणि ते औषध?”

“अजून फरक नाही.”

“बघा रे काहीतरी. हे इतर उंदरांना कळतं का?”

“काय कळतं?”

“काही नाही. सहज.”

मी मनातून सुखावायचो. लाज वाटते खरी, पण निदान रस तरी घेतात!

मग दिवाळी आली. साहेबांना सुट्टी संपल्याबरोबर सगळ्या वर्तुळांची मापं हवी होती. घरी नवाकोरा कॉम्प्युटर आणि स्कॅनर होता. मी नियम मोडून पंचवीस टीपकागदांचा गठ्ठा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि लक्ष्मी रोडला कपडे घ्यायला गेलो. परत आलो तर घरभर तळणाचा वास. टेबलावर माझे कागद पसरलेले आणि त्यांवर चकल्या.

नुसत्या चकल्या नव्हेत. प्रत्येक वर्तुळात एक!

“आई! हे काय?”

“काय म्हणजे? तेल किती छान टिपतंय बघ. पहिल्यांदाच तुला घरातलं काही सुचलं. आणि वर्तुळंसुद्धा चकलीच्या मापाची काढून आणलीस हो! एकीला एक चिकटली नाही.” तिचे डोळे भरून आले होते. “एका कागदावर फारच बारीक काढलीस, तिथे मी कडबोळी ठेवली.”

तो कागद अकरा नंबरचा होता.

ज्या आईने आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, तिला खरं कसं सांगणार? मी म्हणालो, “आवडले ना कागद?”

“फारच. शेजारी तीन डबे देऊनसुद्धा आले.”

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. मी खाली धावत सुटलो.

दुसऱ्या मजल्यावर इंगोले वहिनी होत्या, मूळच्या अकोल्याच्या.

“वहिनी, तो चकल्यांचा डबा... परत हवा होता.”

“काहून भाऊ?”

“त्यात... मीठ फार पडलंय.” (हे मी बोललो. ज्या माउलीच्या चकलीसाठी लोक कोथरूडहून येत, तिच्याबद्दल!)

“नाही जी! मी दोन खाल्ल्या न. मस्त झाल्या. अन् तुमच्या अण्णांनीबी कौतुक केलं.”

“अण्णा? इथे?”

“येतेत न रोज सकाळी, भाजी घेऊन येतांनी. हात धुतेत, दोन मिनिटं टेकतेत, मंग जातेत वर.”

मला वाटलं, भाजीची माती असेल हाताला. डबा काखेत मारून मी पहिल्या मजल्यावर गेलो. मोघेकाकूंनी दार अर्धंच उघडलं. त्या दार नेहमी अर्धंच उघडतात.

“मीठ? तुझ्या आईच्या हातून? आश्चर्य आहे.” डबा बाहेर आला. “अण्णांना म्हणावं, आज आम्ही संध्याकाळी घरी नाही. त्यांची गैरसोय होईल.”

“कसली गैरसोय?”

“फिरून येतात, हात धुतात. आम्ही काही विचारत नाही.” दार बंद झालं.

तळमजल्यावर बापटकाका दारातच खुर्ची टाकून चकली खात होते. तिसरी. मी मिठाचं पुराण सुरू केलं.

“मीठ व्यवस्थित आहे,” काका म्हणाले. “खोटं बोलायचं तर सराव हवा. वडिलांकडून शीक. रोज दोनदा येतात माझ्याकडे पेपर वाचायला.”

“पण आमच्याकडे तोच पेपर येतो.”

“हे मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे. दाराशी पिशवी ठेवतात, थेट आत जातात, बाहेर येऊन मथळा वाचतात आणि वर जातात. तीन जिने एका दमात होत नाहीत त्यांच्याने. दोन वर्षं झाली. तुला आत्ता कळतंय? तू त्या वाघोलीला करतोस तरी काय?”

काखेत दोन आणि हातात एक डबा धरून मी जिन्यात उभा राहिलो. तळमजला दोनदा. पहिला मजला एकदा. दुसरा मजला एकदा. सबंध इमारत एक टीपकागद होती, सगळीकडे बारीक ठिपके पडले होते आणि प्रत्येक मजल्यावरच्या माणसाला ते दिसत होते. दिसायला कुठला दिवाही लागला नव्हता. खडकवासल्याच्या वाटेवर तर एकही बापट नव्हता!

वर आलो तर इंगोले वहिनींच्या फोनने आधीच काम केलेलं. आई कमरेवर हात देऊन उभी. “माझ्या चकलीत मीठ जास्त?” ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. (कागद पूर्ण वाळलेले होते आणि कुणाला काही झालं नाही. तरी महिनाभर मी जिन्यात भेटेल त्याच्या पोटाची चौकशी करत असे. लोक मला टाळू लागले.)

अण्णा गॅलरीत बसले होते. मांडीवर टीपकागद, त्यावर कडबोळी.

“अण्णा, ते खाऊ नका!”

“खाल्लं,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा सारखा करून कागदाच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. “अकरा. मग चालेल. तो आपल्यातलाच आहे.”

आणि त्यांनी आणखी एक तोंडात टाकलं.

मला हसू येईना. त्यांनी माझ्या हातातला तळमजल्याचा डबा पाहिला.

“बापट बोलला वाटतं.”

“अण्णा, मला का नाही सांगितलंत?”

“रोज विचारत तर होतो,” अण्णा म्हणाले.

दिवाळी संपल्यावर मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दुसऱ्याच कंपनीच्या. आमच्या औषधाचा शेवटपर्यंत कुणाला उपयोग झाला नाही. साहेबांना सांगितलं, कागदांवर तेल सांडलं. “कसलं तेल?” “शेंगदाण्याचं.” त्या दिवाळीत मी उच्चारलेलं हे एकमेव खरं वाक्य. प्रयोग पुन्हा करावा लागला, नव्या उंदरांवर. प्रयोग संपल्यावर जुन्या उंदरांचं जे करतात, ते अकरा नंबरचंही केलं. अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बरा झाला.” त्यांनी चाळीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या होत्या. ते म्हणाले, “छान झालं.”

थंडीत एका रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो. सिंहगड रोडवर दोनदा थांबलो; मी न विचारता स्कूटर बाजूला घेतली आणि तेही न बोलता उतरले. कणसाचे दाणे मी सुरीने सोडवून दिले. दात खरंच गेले होते, तेवढं ते खरं बोलले होते.

“पाण्याचा कंटाळा आला होता ना तुम्हाला?”

“पाण्याचा कधीच नव्हता आला रे.” मग त्यांनी दाण्यांची मूठ पाण्याकडे केली. “हे बघ, हे उद्या सकाळी तुझ्या बादलीत.”

असे मोजून अकरा रविवार मिळाले. मग त्यांचं हृदय थकलं, तिकडे माझं लक्ष नव्हतं. मी मूत्राशयावर लक्ष ठेवून होतो. अजूनही सकाळी बादली भरताना मी नळ पूर्ण सोडतो आणि उगाच उभा राहतो.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे आणि हे वाचणार आहे. आई, मीठ बरोबर होतं.

मी चोपन्न वर्षांचा झालो. इमारतीला अजून लिफ्ट नाही. (सोसायटीच्या सभा चालू आहेत.) माझा मुलगा खराडीला एका आयटी कंपनीत आहे. लोक मोबाइलच्या पडद्यावर कुठे आणि किती वेळा बोट लावतात, त्याचे रंगीत ठिपके तो मोजतो. परवा म्हणाला, “बाबा, नवी गाडी घेतलीये, संडेला खडकवासला करू या ना!”

“नको. पाणी बघून बघून कंटाळा आला.”

“ओके. आणि तुम्ही रोज खाली श्रीकांतकाकांकडे काय करता?” (श्रीकांत अमेरिकेहून परत आलाय. तळमजल्यावरच राहतो. देव त्याचं भलं करो.)

“पेपर वाचतो.”

“ओके.”

मग मी त्याला विचारलं, आज किती ठिपके? हल्ली रोज विचारतो. पोरगा भलताच खूश आहे. बाबांना माझ्या कामात फार रस आहे, असं सगळ्यांना सांगत असतो.