पांढरा फिल्टर

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर लोकांच्या घरातली धूळ बघत आले आहेत. छताच्या आतून सगळ्या खोल्यांना गार किंवा गरम हवा पुरवणारी मोठी मशीन्स असतात ना, त्यांचे फिल्टर बदलणं हे त्यांचं काम. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला घड्याघड्यांचा पांढरा कागद, एवढाच तो फिल्टर. जुना काढायचा, नवा सरकवायचा, झाकण लावायचं आणि शेजारच्या दाराची बेल दाबायची. ज्या इमारतींत ते जातात तिथे त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही. "जाळीवाले आले," एवढं म्हणून लोक दार उघडतात आणि पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसतात.

मला विचाराल तर या कामात माणूस जिन्यांनी थकत नाही, बोलून बोलून थकतो. घरोघरी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. फिल्टरच्या कडेवर एक आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकी जाळी दाट. लोक दुकानात जाऊन सगळ्यात मोठ्या आकड्याचा फिल्टर उचलून आणतात. "परीक्षेतले मार्क आहेत का हे, जास्त तेवढे चांगले?" असं भाऊजी पूर्वी हसून विचारायचे. हल्ली हसत नाहीत, नुसतं विचारतात. घरातल्या मशीनला फार दाट जाळीतून हवा ओढता येत नाही, ते धापा टाकतं आणि शेवटी बंद पडतं. मग म्हणतात, जाळीवाल्यानं बिघडवलं.

दुसरं पालुपद मापाचं. डोळ्यांनी अंदाज घेऊन आणलेला फिल्टर खाचेत नीट बसत नाही, कुठेतरी बोटभर फट राहते. "हवा महाआळशी असते," भाऊजी सांगतात. "जाळीतून जायचे कष्ट घेणार नाही, फटीतून निघून जाईल. मग तुम्ही फिल्टर लावला काय आणि नाही काय." ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी पुन्हा बोटभर लहान फिल्टर आणून ठेवतो. यावर भाऊजींनी केव्हाच हात टेकले आहेत.

एक गोष्ट मात्र ते अजून मन लावून करतात. काढलेला फिल्टर उजेडाकडे धरून बघतात. कुत्र्याचे केस, पावडर, पिठाची पुटं, खिडकीत उभं राहून चोरून ओढलेल्या सिगारेटी, सगळं त्यांना त्यात दिसतं. कोणाला सांगत नाहीत, फक्त माझ्या बहिणीला. ती सगळ्यांचीच ताई, मी तिची धाकटी बहीणही तिला ताईच म्हणते. संध्याकाळी चहा पिताना ते तिला सांगणार, "आज चौथ्या मजल्यावर बाळ आलंय बरं का." हिनं विचारायचं, "कशावरून?" आणि त्यांनी मिशीत हसायचं. लग्न झाल्यापासून दोघांची करमणूक ही.

माझ्या घरचा फिल्टरही तेच बदलतात. माझे यजमान गेल्यापासून मी एकटीच राहते. मागच्या खेपेला त्यांनी माझा फिल्टर काढला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा तर नवाच्या नवा आहे. काय गं, या घरात कोणी राहतं की नाही?" चेष्टाच केली होती. मी म्हटलं, "मी झाडते रोज, तुमच्यासारखा पसारा नाही घालत." तेही हसले. पण फिल्टर खाली ठेवताना जरा घुटमळले.

ताईची छाती पहिल्यापासून नाजूक. गेल्या हिवाळ्यात ती पार कोलमडली. पलंगावरून उठून स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर मध्ये भिंतीला टेकून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, पण घरातली हवा स्वच्छ पाहिजे. हे वाक्य ते कोणासमोर बोलले! भाऊजींनी त्याच दिवशी घरातला फिल्टर बदलला. मग पुन्हा बदलला. ताईला काही बरं वाटेना, उलट खोकला वाढला. मी भेटायला गेले की ते फिल्टर काढून माझ्यासमोर धरायचे. "बघ, डाग आहे का कुठे? एवढी स्वच्छ हवा या इमारतीत दुसऱ्या कोणाकडे नसेल." फिल्टर खरोखरच दुधासारखा पांढरा. आत ताई उशीला टेकून खोकत असायची.

मी फार सोसणाऱ्यांतली नाही. एका दुपारी मी माझी मोठी बॅग घेऊन गेले आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, ताईला मी माझ्याकडे नेते. आणि चार दिवसांसाठी नाही, कायमची. तुम्ही दिवसभर बाहेर, ही इथे एकटी धापा टाकणार. उद्या काही झालं तर कळणार कोणाला?"

ते नुकतेच कामावरून आले होते. पाय ओढत येऊन खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं भांडतील. मी तयारीनेच आले होते.

"तिला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

ताई छताकडे बघत म्हणाली, "मला आता काही वाटत नाही. जिथे झोप लागेल तिथे न्या."

भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला तिकडे बघवेना. या माणसाच्या दिवसात संध्याकाळचा तो चहा सोडला तर दुसरं काय होतं? हे मला कळत होतं. तरीही मी ताईच्या साड्या कपाटातून काढत राहिले. बॅग भरली, चेन लावली. ते म्हणाले, "उद्या सकाळी टॅक्सी बोलावतो. सावकाश ने." आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

ताई कित्येक दिवसांत उठली नव्हती, घरात धुळीचे थर साचले होते. जाण्याआधी निदान एवढं करावं म्हणून मी केर काढला. झाडू ठेवायला पॅसेजमधलं अरुंद कपाट उघडलं. हवेचं मशीन त्याच कपाटात होतं, आणि त्याच्या आजूबाजूला जुने बूट, रंगाचे डबे, पोचारे, घर रंगवताना उरलेली पुट्टीची अर्धी गोणी. कामावर दुसऱ्यांच्या मशीनसमोर खोकासुद्धा ठेवू न देणाऱ्या माणसाच्या घरचं हे कपाट. आत खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. ती खाली लोंबत नव्हती. मशीनच्या कडेला आडवी चिकटून फडफडत होती.

मी वैतागून हाक मारली, "भाऊजी, ही पिशवी इथे कशाला चिकटवून ठेवलीत?"

ते कप हातात घेऊनच आले. पिशवीकडे बघितलं. मग कप माझ्या हातात दिला आणि गुडघे मोडून खाली बसले. पिशवी बाजूला केली. फिल्टरच्या खाचेचं झाकण नीट लागलेलंच नव्हतं. वरून चिकटपट्टी मारलेली, ती सुटून लोंबत होती, आणि आत बोट जाईल एवढी फट. त्यांनी झाकण काढलं. आतून एक फिल्टर ओढला. सगळ्यात मोठ्या आकड्याचा. त्याच्यामागून आणखी एक निघाला. तसाच.

एकाच्या जागी दोन कोंबले होते. तेही त्या दाटीचे, की त्यांतून हवाच जाऊ नये.

मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मशीन पूर्ण जोर लावून त्या फटीतून हवा ओढत होतं. कपाटातली हवा. पुट्टीची, बुटांची, पोचाऱ्यांची. आणि ती थेट ताईच्या पलंगाच्या वर छतात असलेल्या झरोक्यातून बाहेर सोडत होतं. फिल्टर पांढरे राहणारच. त्यांतून काही गेलंच नव्हतं.

"मी रोज सांगतो लोकांना," भाऊजी म्हणाले. "रोज सांगतो गं."

"मग घरी असं कसं केलंत?"

"एकानं भागेना म्हणून दुसरा घातला. झाकण बसेना. दमलो होतो, म्हटलं आता पट्टी लावू, उद्या नीट बघू." ते दोन्ही फिल्टर मांडीवर घेऊन बसून राहिले. "नंतर काढून बघायचो तर पांढरा. मला इतकं बरं वाटायचं बघ. पांढरा दिसला की मी पुढे काही बघतच नव्हतो."

माझ्या जिभेवर चार कडक शब्द आले होते. पण फरशीवर बसलेल्या त्या माणसाला बघून माझा रागच मेला. मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी घेतला नाही. उठून कामाची पिशवी आणली, त्यातून साधा, मधल्या आकड्याचा, बरोबर मापाचा एकच फिल्टर काढला, कडेवरचा हवेच्या दिशेचा बाण बघून सरकवला, झाकण दाबून लावलं. मग कपाटातली एक-एक वस्तू बाहेर काढून कपाट पुसलं. माझी मदत घेतली नाही. संध्याकाळपर्यंत ते पुसतच होते.

सकाळी टॅक्सी बोलावली नाही. मीच म्हटलं, थोडे दिवस बघू. बॅग मात्र तशीच भरलेली, पलंगाच्या पायाशी. भाऊजी कामावरून आले की आधी बॅगेकडे बघायचे, मग ताईकडे. ताईचा खोकला गेला नाही. पण ती भिंतीला न टेकता स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली. एकदा मी गेले तर ओट्याशी उभी राहून मलाच म्हणाली, "बस, तू किती वाळलीस."

महिना उलटल्यावर भाऊजींनी फिल्टर बदलायला काढला तेव्हा मी तिथेच होते. फिल्टर राखेसारखा झाला होता. घड्याघड्यांत धुळीचा थर बसलेला. त्यांनी तो ताईपुढे नेऊन ठेवला. धूळ पकडली म्हणून खूश व्हावं की काय, हे त्यांनाच कळत नव्हतं.

ताईनं एका घडीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. "हे सगळं माझ्या छातीत जात होतं का हो?"

"हो," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू ने हिला. खरंच ने. माझ्या हातावर आता माझाच भरवसा नाही. आणखी काय करून ठेवीन, सांगता येत नाही." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. लग्नात, मयतात, कधी मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

ताईनं बोट पदराला पुसलं. ती दमून बोलत होती, पण तिचा तो जुना, मोठ्या बहिणीचा आवाज मी फार दिवसांनी ऐकला. "मी कुठेही जात नाही. नवा फिल्टर तुम्ही घाला. झाकण लागलंय की नाही ते मी बघेन." आणि मला म्हणाली, "साड्या काढून कपाटात लाव, आणि तुझी बॅग तू घेऊन जा."

मी साड्या लावल्या. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू? ताईसाठी मी घरातली पलीकडची खोली झाडून, नव्या चादरी घालून ठेवली होती. खिडकीशी तिची खुर्चीसुद्धा मांडली होती. रिकामी बॅग घेऊन जिने उतरताना ती भरलेल्या बॅगेपेक्षा जड लागली.

पुढे काही दिवसांनी भाऊजी माझ्याकडे फिल्टर बदलायला आले. झाकण काढलं, फिल्टर ओढला. पांढरा. त्यांनी लगेच वाकून खाचेत हात घातला, चारही कडांवरून बोट फिरवलं. कुठे फट नव्हती. सगळं जिथल्या तिथे होतं.

या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. फिल्टर पुन्हा होता तसा आत सरकवला, झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं. मग पलीकडच्या खोलीत त्यांची नजर गेली. पलंगावरची चादर, खिडकीशी मांडलेली खुर्ची. ते दारातच उभे राहिले.

"हा अजून खूप दिवस चालेल," ते म्हणाले. पिशवी खांद्याला लावली, चपला पायांत सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी चहाला तिकडे येत जा. रोज ये. आमचा फिल्टर जरा लवकर मळू दे."