आधीच ठरवलेल्या खुणा

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुमच्या आईला मी फोनवर एक गोष्ट सांगितली. ती मध्येच रडायला लागली, त्यामुळे तुमच्यापर्यंत काय पोचलं असेल कोण जाणे. म्हणून क्रमाने लिहिते. आत्ताच लिहिते, कारण सगळं ताजं आहे आणि माझं अक्षर अजून ओळीत आहे.

सीमाभागातल्या वडगावच्या या घरात मी आणि तुमचे आजोबा, आम्ही दोघंच असतो. मागच्या शेडमध्ये आजोबांचे यंत्रमाग आहेत. साड्या विणायला कामगार येतो, पण दिवसभर शेडमध्ये आजोबाही असतातच. आम्ही इथेच राहायचं की तुमच्याकडे यायचं, हा वाद घरात जुना आहे. तुमच्या आईचं काम तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या बंदरावर गडबड होण्याची चिन्हं आहेत ते ओळखून ती जहाजवाल्यांना आधी सावध करते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिने तीच पद्धत आम्हाला लावली: म्हातारपणी आमची बुद्धी साथ सोडू लागली तर ते कशावरून ओळखायचं.

"आई, खुणा आधी ठरवायच्या, डोकं शांत असताना," ती म्हणाली. "नंतर ठरवायला बसलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो."

सुरुवात अर्थात आजोबांपासून झाली. मी म्हटलं, चष्मा हरवणं लिही. तिने मान हलवली. "आप्पा तिशीतसुद्धा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायचे. जे नेहमीचंच आहे ते खूण कसं होईल?" मग मी म्हटलं, अंगणात चहा पितानाही त्यांना आवाजावरून कळतं, कुठल्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडखळतोय. ते कळेनासं झालं तर? ते तिने लिहून घेतलं.

आजोबा ऐकत होते. "लई झालं माझं," ते म्हणाले. "आता हिचं लिव्ह. का ही म्हातारी हुणार न्हाय?"

"माझं काय लिहायचं?"

"तुजं डबं. साखरंच्या डब्यात मीठ गावलं, की थेट दवाखाना."

आम्ही हसलो. मग ते न हसता म्हणाले, "आनि शेजारच्या आक्कांसंगं मराठी बोललीस तर."

हे तुम्हाला परदेशात बसून चटकन कळणार नाही. आक्कांना मराठी उत्तम येतं, पण मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून कुंपणाच्या भिंतीवरून आमचं बोलणं कन्नडमध्येच. त्यांनीच मला ते शिकवलं. इकडे कोणाशी काय बोलायचं याचा कुणी विचार करत नाही. समोरचा चेहरा दिसला की जीभ आपोआप वळते. शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, पण फाटक उघडून घरी येईपर्यंत आक्कांशी कन्नड आणि सासूबाईंशी मराठी बोलून झालेलं असे.

नियमही तेव्हाच ठरले. एक खूण दिसली तर डॉक्टरांकडे जायचं आणि तुमच्या आईला त्याच दिवशी कळवायचं. दुसरी दिसली तर घर बंद करून तुमच्याकडे यायचं. लक्ष आक्का ठेवणार, कारण ज्यांना इथून हलायचं नाही त्यांनीच खुणा बघायच्या, हे तुमच्या आईला मंजूर नव्हतं. आक्कांनी फक्त दिसलं ते सांगायचं. त्याचा अर्थ लावायचा नाही.

मागच्या आठवड्यात एका सकाळी मी भिंतीपाशी आक्कांना शेवग्याच्या शेंगा दिल्या. बोलणं झालं, मी आत आले. दुपारी आक्का शेडच्या दारात गेल्या. थोड्या वेळाने माग थांबले आणि आजोबा स्वयंपाकघरात येऊन बसले.

"सकाळी तू आक्कांसंगं मराठीत बोललीस."

मी नाही म्हटलं. मला ते बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते कन्नडमध्ये आठवत होतं.

आक्का त्यांच्यामागोमाग येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना नीट विचारलं. तुम्ही मराठीत सुरुवात केली होती का? जवळ तिसरं कुणी होतं का? माझ्या हातात फोन होता का? प्रत्येकाला त्यांनी नाही म्हटलं.

"एकदाच झालंय," आजोबा म्हणाले. "ऊन हुतं. सोड की."

"खूण तुम्हीच सांगितली होतीत."

"व्हय, पर गमतीनं."

"सांगताना हसला नव्हतात."

मी तुमच्या आईला फोन लावला. रडून झाल्यावर तिनेच सांगितलं, की एक खूण म्हणजे निकाल नव्हे, ती नीट बघायला लावते इतकंच.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. इंजेक्शनं चालू केली. ते म्हणाले, याने झालं असेल, नसेलही. लक्ष ठेवा. म्हणजे तेच, जे आमचं चाललं होतं. आजोबांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही. घरी येताना रिक्षात ते माझा हात धरून बसले होते, आणि रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भाड्यावरून भांडले.

दुसरी खूण अजून दिसलेली नाही. डबे आपापल्या जागी आहेत. साखरेत साखरच आहे, आजोबा रोज चाखून बघतात. धोटा अडखळला की ते अजून चहा ठेवून उठतात. आज सकाळी मी आक्कांशी कन्नडमध्ये बोलले, आणि आक्कांनी ते शेडमध्ये जाऊन सांगितलं. आम्ही दोघं अजून वडगावच्या घरातच आहोत.