जावयाने बसवलेला पंप

हेवा वाटतो हे कबूल करायची मला लाज वाटत नाही. कुणाचा वाटतो, हे सांगताना मात्र वाटते. मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटतो, आणि तोही माझ्याच वडिलांवरून.

बाबा शिवडीला गोदीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. घोडपदेवच्या आमच्या घरात फ्यूज उडाला की तो मी बांधायचा आणि बाबांनी शेजारी उभं राहून ओरडायचं, हे मी आठ वर्षांची असल्यापासून ठरलेलं. "आंधळी आहेस का? वायर किती सोललीस ती! केळं आहे का ते?" त्या ओरड्यातूनच मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले. आज लिफ्टची कंट्रोल पॅनल्स तपासते. माझ्या सहीशिवाय लिफ्ट चालू होत नाही, पण बाबांच्या लेखी मी अजून केळं सोलणारीच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याहून वयाने मोठी एक गाडी घेतली आणि बिल्डिंगखाली तिच्याशी रोज सकाळी खुडबुड सुरू केली. तिला रंगही स्वतःच मारला, फिकट पिस्ता रंग. कुणी बॉनेटवर पिशवी टेकवली तर त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

गेल्या वर्षी त्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी फिरवत ठेवतो तो पंप. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंदावलं की पंपही मंदावतो आणि गाडी तापते. तसला पंप आता कुठे मिळेना. माझा नवरा विमा कंपनीत काम करतो आणि फावल्या वेळात गाड्यांचे व्हिडिओ बघतो. आम्ही जेवायला गेलो होतो तेव्हा तो म्हणाला, "बाबा, इलेक्ट्रिक पंप बसवूया का? बॅटरीवर चालेल. ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी पाणी फिरत राहील."

"वा!" बाबा म्हणाले. "काय डोकं आहे हो तुमचं."

हेच मी सहा महिन्यांपूर्वी, गाडी तापायला लागली तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "काहीतरी फॅन्सी बोलू नकोस." मी आईकडे बघितलं. आई आमटी वाढत होती.

पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःची पेटी जावयापुढे उघडून ठेवली. त्यातल्या पकडीला हात लावायला मला लग्नापर्यंत परवानगी मागावी लागायची. मी खाली जाऊन म्हटलं, "वायरिंग मी करते."

"तू वर जा, आईला मदत कर. आम्ही बघतो."

आम्ही! माझा नुसता जळफळाट झाला. वर जाऊन मी कोथिंबीर अशी निवडली की आईने जुडी माझ्या हातातून काढून घेतली.

चहा घेऊन खाली आले तेव्हा काम संपत आलं होतं. बॅटरीपासून लाल वायर, मध्ये फ्यूज, मग रिलेचा स्विच, तिथून पंप. सगळं नीटनेटकं, टाय लावून बांधलेलं. खोटं कशाला बोलू, हात चांगला आहे त्याचा. शेवटची राहिली होती काळी वायर, अर्थिंगची. ती गाडीच्या पत्र्याला कसायची असते आणि त्याआधी तिथला रंग खरवडून खालचं लोखंड उघडं करायचं असतं, कारण रंगातून करंट जात नाही. हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. त्याने वायर थेट त्या पिस्ता रंगावर ठेवली आणि स्क्रू कसला.

मी बघितलं आणि बोलले नाही. मनात म्हटलं, कळू दे बाबांना, जावयाचं डोकं किती आहे ते.

बाबा दोन फुटांवर हनुवटीला हात लावून उभे होते. "छान," ते म्हणाले. "फारच छान."

स्क्रूच्या आट्यांना थोडंफार लोखंड लागलं असावं, कारण चावी फिरवली तेव्हा पंप गुरगुरला. बाबांनी जावयाची पाठ थोपटली. माझी पाठ त्यांनी कधी थोपटल्याचं मला आठवत नाही. जेवताना त्याला श्रीखंडाचा आग्रह झाला आणि मी माझं स्वतः वाढून घेतलं.

आठवड्याने आम्ही चौघं त्याच गाडीने शिवाजी पार्कला मावशीकडे निघालो. नवरा पुढे, बाबांच्या शेजारी, कारण ती जागा जावयाची. मी आणि आई मागे. लालबागला पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं होतं. तापमानाचा काटा चढायला लागला, लाल रेषेला लागला आणि बॉनेटमधून वाफ आली. बाबांनी कशीबशी गाडी बाजूला घेतली.

इंजिन निवेपर्यंत थांबून नवऱ्याने काळी वायर हलवली. पंप गुरगुरला. हात काढला, पंप बंद. पुन्हा हलवली, पुन्हा गुरगुरला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"रंग खरवडला नाहीये," मी म्हटलं.

"ते मला तेव्हाच दिसलं होतं," बाबा हळूच म्हणाले.

"मलाही माहीत होतं," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण बाबांनी हाताने रंग मारलाय. त्यावर मी कसा ओरखडा काढणार?"

"आणि तुम्ही का नाही बोललात, बाबा?"

"जावयाच्या तोंडावर चूक काढू? काहीतरीच काय."

म्हणजे एकाने सासऱ्याचा मान ठेवला, दुसऱ्याने जावयाचा, आणि मध्ये इंजिन उकळलं. तिसरी मी. मी कुणाचाच मान ठेवायला गप्प बसले नव्हते, पण ते तिथे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. आईने आम्हा तिघांकडे एकेकदा बघितलं आणि मावशीसाठी घेतलेला पेढ्यांचा बॉक्स उन्हातून मांडीवर घेतला.

बाबांनी डिकीतून पॉलिश पेपर काढला. नवऱ्याने हात पुढे केला.

"तुम्ही नको, तुमचे कपडे खराब होतील," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात कोंबला.

मी स्क्रू काढला आणि घासायला लागले.

"अगं हळू! भिंत घासतेयस का? एवढंसंच, एवढंसंच! गाढव कुठली! वॉशर कुठाय? पाडलास ना? हातात काय भोकं आहेत तुझ्या?"

फूटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली. मी सदतीस वर्षांची बाई, भर लालबागला बापाच्या शिव्या खात होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी वॉशर मुद्दाम जरा उशिरानेच शोधला. लोखंड चकचकीत झालं, वायर कसली, पाणी भरलं. पंप एका सुरात चालू झाला आणि तसाच चालू राहिला.

"हं," बाबा म्हणाले. मग जावयाकडे वळले. "बसा तुम्ही, उन्हात किती वेळ उभे आहात."

मावशीच्या बिल्डिंगखाली पोचल्यावर आईबाबा पुढे वर गेले. आम्ही काचा लावायला मागे राहिलो.

"तुला कसं बोलतात गं ते," नवरा म्हणाला. "धाडधाड."

"हं."

"आठ वर्षं झाली आपल्या लग्नाला. मला एकदासुद्धा गाढव म्हणाले नाहीत."

तो हसत म्हणाला, पण ते हसू टिकलं नाही. त्याचे वडील तो सातवीत असताना गेले. त्यानंतर घरात त्याच्यावर ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. ते त्याने मला लग्नाआधीच सांगितलं होतं.

"बघ ना बोलून त्यांच्याशी," तो म्हणाला. "अहोजाहो सोडा म्हणावं. तुझं ऐकतील ते."

ऐकलं असतं. मला सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. मी "बघू" म्हटलं, माझ्या बाजूची काच लावली आणि जिना चढायला लागले. त्याला वर्ष होत आलं. मी अजून बाबांना सांगितलेलं नाही.