ओंकारचा बॉल आणि दिनूदांचा स्मॅश

"सर, सहावा आहे आमच्याकडे. फक्त तो प्लेअर नाय, आमच्या जीपचा ड्रायव्हर आहे."

ओंकार हे इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला की मला हसताही येईना. मांडवीच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर जिल्हा व्हॉलीबॉल संघाची निवड चाचणी चालू होती. अंजनवेलकडून आलेल्या ओंकारच्या संघात पाचच जण होते आणि सहा नसतील तर मॅच होत नाही. त्यांचे दोन स्मॅशर, म्हणजे जाळीवर उडी मारून बॉल खाली हाणणारे, आलेच नव्हते. एकाला बोटीवरच्या नोकरीचं बोलावणं आलं म्हणून तो आदल्या दिवशी मुंबईला गेला. दुसरा देवरुखला मुलगी बघायला गेला होता.

"तारीख बदलता आली नसती?" मी विचारलं.

"मुलीकडच्यांनी दिलेली तारीख आहे, सर."



निवड समितीत आम्ही तिघं. मी क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेला. अध्यक्ष बापू, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. तिसरे सदस्य सर्दीमुळे घरी. बापूंनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "ड्रायव्हर तर ड्रायव्हर. उभं राहू दे."

ड्रायव्हर दिनूदा पंचेचाळिशीचे. माडासारखे उंच, मधोमध पोट. त्यांनी जीपची किल्ली कनवटीला खोचली, चप्पल काढली आणि अनवाणीच कोर्टात शिरले. समोर चिपळूणचा पूर्ण संघ होता, एका रंगाच्या जर्सीत.

बघायचं होतं ते ओंकारला. तो लिफ्टर. व्हॉलीबॉलमध्ये आपल्या बाजूला बॉलला तीनदाच हात लावता येतो. पहिला माणूस बॉल उचलतो, लिफ्टर तो जाळीजवळ वर ठेवतो, स्मॅशर हाणतो. टाळ्या तिसऱ्याला. ओंकार गॅस प्रकल्पात ठेकेदाराकडे फिटर होता आणि चाचणीला येण्याची ही त्याची तिसरी वेळ. निवड झाली नाही तर पुढच्या महिन्यात मामाकडे मस्कतला जायचं, असं घरात ठरलं होतं. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. दिनूदांनी सांगितलं, न विचारता.

पहिला सेट चिपळूणने आम्हाला आलेला चहा संपायच्या आत घेतला. ओंकार बॉल वर ठेवायचा आणि तिथे कोणी नसायचंच. एकदा दिनूदा वेळेवर पोचले, पण बॉल त्यांच्या डोक्यावर आपटून बाहेर गेला. पोरं हसली. दिनूदाही हसले.

बापूंनी ओंकारच्या नावापुढे फुली मारायला पेन काढलं.

"थांबा हो बापू," मी म्हणालो. "लिफ्टर म्हणजे पंगतीतला वाढपी. जेवणारेच आले नाहीत तर त्याचा काय दोष?"

"दोष नाही हो. पण वाढतो कसा ते कळायचं कसं? पॉइंट कुठायत?"

प्रश्न रास्त होता. म्हणून दुसऱ्या सेटला मी पॉइंट बघायचं सोडलं. ओंकारच्या हातातून सुटलेला बॉल कुठे जातो आणि सोडायच्या आधी तो कोणाकडे बघतो, एवढंच बघायला लागलो. समुद्राकडून वारा होता. तरी बॉल जाळीपासून त्याच हातभर अंतरावर येत होता, पहिला पास कितीही वेडावाकडा आला तरी. आणि चेंडू वाया गेला की हा कोणावर ओरडत नव्हता. दिनूदांजवळ जाऊन काहीतरी विचारत होता.

मी जरा पुढे सरकलो.

"दिनूदा, उडी किती मारता?" ओंकार विचारत होता.

"उडी? अरे मी जीपमधून उतरतो ता पण विचार करून."

"मग उडी नको. दोन पावलं चालत या, टाचा उचला, हात वरून खाली आणा. हात थांबवू नका. बॉल मी आणतो."

पुढचा बॉल ओंकारने अगदी कमी उंचीचा, संथ, जाळीला लगटून ठेवला. दिनूदा चालत आले. टाचा उचलल्या. हात खाली आणला. बॉल पलीकडे टप्पकन पडला आणि चिपळूणची पोरं एकमेकांकडे बघत राहिली. दिनूदा कोर्टाला चक्कर मारून आले. पंचांना शिट्टी वाजवून त्यांना परत आणावं लागलं.

मग असे आणखी पॉइंट झाले. सेट हरलेच, पण चिपळूणला घाम फोडून. बापू खुर्चीवरून उठले.

"सर, हा उंच माणूस कोण? याला घ्या."

"बापू, तो ड्रायव्हर आहे."

"असेना का! टच बघा त्याचा. न उडी मारता मारतोय. उडी शिकवली तर काय करील!"

मी वाद घातला नाही. म्हटलं, एक करून बघू. दिनूदांना चिपळूणकडे द्यायचं आणि चिपळूणचा मोठा स्मॅशर इकडे घ्यायचा. थोडा वेळच.

चिपळूणचा लिफ्टर चांगला होता, पण त्याला सवय उडणाऱ्या पोरांची. त्यानं बॉल उंच आणि वेगात टाकला. अंगात आत्मविश्वास आलेले दिनूदा आयुष्यात पहिल्यांदा उडाले. बॉल केव्हाच गेला होता. दिनूदांच्या शर्टाचं बटण मात्र जाळीत अडकलं. ते सोडवायला दोघं लागले.

इकडे माझी पण पंचाईत झाली. ओंकारने त्या मोठ्या स्मॅशरला दिलेले पहिले दोन्ही बॉल फुकट गेले. तो तणतणत आला.

"सर, हा मला ड्रायव्हरसारखा बॉल देतोय!"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे. ओंकार शांतपणे त्या पोराकडे गेला. "कुठे हवा? दाखव." पोरानं उडी मारून हाताने जागा दाखवली. पुढचा बॉल नेमका तिथे गेला आणि असा हाणला गेला की पलीकडे नुकतेच मोकळे झालेले दिनूदा मटकन खाली बसले.

"अरे ओंकार, मी तुजाच गाववाला ना रे!"

 बापूंनी पेन बंद केलं. "म्हणजे पहिल्यापासून हाच खेळत होता," ते म्हणाले. "घ्या त्याला."

ओंकारला सांगितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली आणि बाजूला जाऊन आईला फोन लावला. परत आला तेव्हा डोळे पुसून आला होता. दिनूदा पाच-पाच मिनिटांनी विचारत होते, "सर, माजा कसा काय?" बापू गंभीरपणे म्हणाले, "विचाराधीन." त्यावर ते खूश होऊन जीप काढायला गेले.

राज्य स्पर्धेत आम्ही उपांत्यपूर्व फेरीत हरलो. पेपरात फोटो आला तो स्मॅशरचा. जाळीजवळ कडेला ओंकारचा एक कोपर दिसतो. मस्कत मात्र लांबणीवर पडलं. एका सरकारी खात्याच्या संघाने त्याला बोलावून घेतलं, आज तो तिथेच नोकरीला आहे.

बापू अजून सगळ्यांना सांगतात, "तो पोरगा मी शोधला. मीच म्हटलं, घ्या त्याला." मी खोडत नाही. समितीत काम करायचं तर प्रत्येकाला झेपेल अशा उंचीवर बॉल ठेवावा लागतो. मारल्याचं समाधान त्याला घेऊ द्यावं.