बंद कॉम्प्रेसरचा आवाज

मी फिटर माणूस. संकेत, भास असल्या गोष्टींवर आपला कधीच विश्वास नव्हता... आज आहे की नाही, तेही नक्की सांगता येत नाही. घडलं ते सांगतो.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी कॉम्प्रेसर सांभाळतो. झडप जरा खराब झाली की हवा मागे फिरते, तो आवाज मला लांबूनही कळतो.

गेल्या दिवाळीनंतर बायको, वैशाली, माहेरी घाटंजीला गेली होती. जाण्याआधी तिची एक दाढ काढलेली. तिकडे ताप यायचा, गोळीने उतरायचा, पुन्हा यायचा. फोनवर म्हणायची, "थकवा हाये जी, बाकी काई नाही."

एका दुपारी कंपनीत वीज गेली. सगळं बंद. आणि मला स्पष्ट ऐकू आलं – फुस्स... फुस्स... एका ठेक्यात. मी मशीनवर हात ठेवला. गप्प होती.

सुपरवायझर गजूभाऊंना विचारलं, "लीकेज ऐकू येऊन राह्यलं का?"

"बंद मशीनचं? तब्येत बरी हाये ना गा तुही?"

गेटपर्यंत गेलो. आवाज सोबतच! का कोण जाणे, वैशालीच डोळ्यांसमोर आली. फोन लावला, तर तिला दोन शब्दही धड बोलवेनात. तशीच घाटंजीला गाडी काढली.

ती खाटेवर बसून होती, आडवं झालं की धाप लागायची. संध्याकाळी यवतमाळला भरती केलं.

डॉक्टर मॅडमनी छाती तपासली, नखं बघितली. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता? एवढ्यात दात काढला?"

दोन्ही खरं होतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदयाचा इको झाला. मॅडमनी समजावलं – त्या तापाने हृदयाची एक झडप लहानपणीच दुबळी झालेली. दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात शिरले नि त्या झडपेवर बसले. आता ती नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं.

"दोन दिवस उशीर झाला असता तर..." म्हणत त्या औषधं लिहू लागल्या.

मी हट्टाने त्यांचा स्टेथोस्कोप कानाला लावला. तोच आवाज. तोच ठेका.

सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं चालली. ताप गेला, वैशाली घरी आली. झडप थोडी गळते अजून, तपासण्या सुरू आहेत.

परवा मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "अहो, काळीज माहं. मंग तुमाले इतक्या लांबून ऐकू आलं, अन् मले काहून नाही आलं?"

मी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली. हल्ली मशीन बंद करायची वेळ आली की मी गजूभाऊंना पुढे करतो, आणि बाहेर रस्त्यावर, ट्रकांच्या गोंगाटात जाऊन उभा राहतो.