रुख्माचा पाय धुवायचा दगड

स्टेशनाच्या फाटकाशी एक चपटा दगड होता, दगडाशेजारी पाण्याचा रांजण आणि रांजणाशेजारी रुख्मा. ढिवराची लेक, तळ्यातले शिंगाडे उकडून विकायची. पण बाया तिच्याकडं आधी यायच्या त्या पाय धुवायला. शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत आलेली बाई चिखलाच्या पायानं गाडीत कशी चढणार? रुख्मा लोटाभर पाणी ओतायची, आणि पाय धुतलेली बाई शिंगाडे घेतल्याबिगर हलायची नाही. बोलून कुणी काही ठरवलं नव्हतं.

सौंदडवरून मोठी गाडी धावू लागली, तसं हे लहान स्टेशनही वाढलं. पुढं डांबरी रस्ता, ऑटो, दुकानांची नवी ओळ. फाटकावर विकणाऱ्यांना हुसकायचं नाही, नव्या ओळीत गाळे द्यायचे, असं गावानं ठरवलं. चांगलंच ठरवलं. रुख्मालाही गाळा मिळाला. शटर, गुळगुळीत फरशी. तिनं नवं लुगडं नेसून नारळ फोडला.

आणि शिंगाडे खपेनात! बाया रस्त्यावरूनच हात हलवायच्या अन् फाटकाकडं जायच्या.

"या ना वो, कायले दूर पळून राहिल्या?" रुख्मानं हाक मारली.

"पाय कसे हायत, दिसत नाई काय?" नेहमी पाय धुवायला येणारी भूमेश्वरी म्हणाली. "तुह्या आरशावानी फरशीवर कशी चढू? तू आता शेठानी झाली."

"शेठानी! टोपलं जसंच्या तसं घरी नेऊन राहिली मी."

दोघी हसल्या. पण उकडलेला शिंगाडा दुसऱ्या दिवशी आंबतो. असंच चाललं तर गाळा सोडावा लागणार, आणि जुन्या जागेवर तर ऑटो उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुख्मानं नवऱ्याला, बकारामला, लोखंडी सब्बल घेऊन फाटकाशी आणलं. दोघांनी दगड लोटत लोटत गाळ्याच्या पायरीशी आणला. मागून रांजण आला.

शेजारचा कपडेवाला टेकचंद धावला. "मौसी, ये क्या लावलं? माझ्या दुकानापुढं चिखल करून राहिली!"

"चिखल दगडावरच राहते गा. तुह्या दुकानात येईल तं धुतलेला पाय येईल."

टेकचंद तोंड फिरवून बसला.

भूमेश्वरी आली. दगडावर उभी राहिली. रुख्मानं पाणी ओतलं, टाचेचा चिखल बोटानं काढला. मग भूमेश्वरीनं एक पाय फरशीवर टेकवला, थांबली, दुसरा टेकवला. आत येऊन मांडी घालून बसली.

"गार हाय वो फरशी!"

गाडीची शिटी होईपर्यंत ती बसलीच. जाताना टेकचंदच्या दुकानातल्या एका लुगड्याचा काठ चाचपून गेली. तोंड फिरवलेला टेकचंद लगबगीनं उठला.

फरशीवर ओली पावलं उमटली होती. रुख्मानं फडकं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

दगडाच्या धांदलीत शिंगाडे मात्र त्या दिवशी अर्धेकच्चे राहिले होते. भूमेश्वरीनं घेतलेले सारे तिथंच बसून खाल्ले. कच्चे हायत म्हणून बोलली नाही.