दोन्ही खांद्यांवर

बायको शेवटचं काहीतरी बोलली आणि धारवाला ‘हो, हो’ म्हणाला. काय बोलली ते त्याला ऐकूच आलं नव्हतं.

दुपारची वेळ, दवाखान्यातला वॉर्ड, तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिने तो दोन बोटांनी खाली ओढला, नवऱ्याला खुणेने जवळ बोलावलं, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून थोपटलं आणि उजव्या कानाशी तोंड नेलं. आठ-दहा शब्द असतील फार तर. त्याला वाटलं, बिचारीच्या अंगात त्राण नाही, आवाज फुटत नाहीये. अशा वेळी कोणी ‘काय म्हणालीस? पुन्हा सांग’ म्हणतं का? त्याने आपली मान डोलावली. सलाइनची नळी नीट करत असलेल्या नर्सकडे बघून ती आणखी काहीतरी पुटपुटली, नर्स हसली, मास्क पुन्हा तोंडावर चढला. संध्याकाळी ती गेली.

आता खरं सांगायचं तर तेव्हा त्याने त्या शब्दांचा फार विचारही केला नाही. ‘वेळेवर जेवत जा’, ‘लेकीला त्रास देऊ नका’, असंच काहीतरी असणार, आणखी काय! ते शब्द त्याच्या मागे लागले ते तीन आठवड्यांनी. पण त्याआधी हा माणूस किती हटवादी होता, ते सांगायला हवं.

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांनाही धड ठाऊक नव्हतं. टेलरच्या कात्र्या, सलूनवाल्यांच्या कात्र्या, खाणावळीतल्या सुऱ्या, सगळ्यांना धार लावून द्यायचा, म्हणून धारवाला. एका खोलीचं दुकान. आत मोटारीवर फिरणारी दोन चाकं, एक खरखरीत, एक मऊ. वर टांगलेला पत्र्याचा डबा, त्याच्या बुडाला बारीक भोक, त्यातून चाकावर थेंब थेंब पाणी. पातं चाकाला लागलं की असा काही चीत्कार निघायचा की समोरचा चपलांचा दुकानदार दार लावून घ्यायचा. पण धारवाला डावा गाल चाकाजवळ नेऊन ऐकत बसायचा. म्हणायचा, ‘डोळ्यांनी धार दिसत नसते. आवाज पातळ झाला की समजायचं, लागली.’ चाळीस वर्षं रोज हेच. एवढा अभिमान होता त्याला त्या कानाचा!

आणि दुसरा अभिमान स्कूटरचा. आठवडाभर दुकानोदुकानी फिरून कात्र्या गोळा करायच्या नि पोहोचवायच्या, त्या सगळ्या तिच्यावरून. थंडी पडली की शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. पाऊस आला की बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर रबर बँड. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा आणि त्यावर हेल्मेट. ‘बाराही महिने, एकतीस वर्षं. चार चाकांचं तोंड पाहिलं नाही,’ हे वाक्य त्याने किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

लेक म्हणाली होती, ‘बाबा, आम्ही नवी गाडी घेतोय. जुनी तुम्ही ठेवा. पैसे नकोत, काही नको. निदान आईला थंडीत वारा लागणार नाही.’

‘आणि त्या बोळात शिरणार कशी तुझी गाडी? उभी करून घेऊ का आडवी?’ धारवाला म्हणाला. जावई हसला, तसा हा आणखी फुगला. ‘गाडी घ्यावी म्हाताऱ्यांनी. माझी किक अजून पहिल्या फटक्यात बसते.’

बायको तेव्हा हळूच म्हणाली, ‘अहो, हिवाळ्यापुरती तरी ठेवू या.’ त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं तिला वाटलं. कदाचित खरंच ऐकलं नसेल. आता कोण सांगणार?

कारण गोष्ट अशी होती, की धारवाल्याचे कान गेले होते. डावा तर साफच. उजव्यात थोडी धुगधुगी. आणि हे घरात एका माणसाला ठाऊक होतं, पण ते माणूस तो स्वतः नव्हता.

सहा वर्षांपूर्वी बायकोने एकदाच विषय काढला होता. ‘कान दाखवून घेता का हो?’ झालं! ‘म्हणजे मी बहिरा? माझ्या कानांवर या घराची चूल पेटते आणि तू मला बहिरा म्हणतेस?’ ताटावरून उठला शहाणा. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच तह केला, आणि म्हणाली, ‘मी काय म्हणते, त्या कात्र्या तुम्ही डिकीत टाकता, खड्ड्यात आपटून त्यांची धार जाते. मी मागे बसून पिशवी मांडीवर धरते.’

हे मात्र त्याला एकदम पटलं. धारेची काळजी म्हटल्यावर न पटून जातंय कुठे! तेव्हापासून बाराही महिने ती मागे बसू लागली, मांडीवर कात्र्यांची जाड पिशवी घेऊन. मागून डावीकडे काही आलं की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडे आलं की उजव्या. दोन्ही खांद्यांवर थाप म्हणजे थांबा. धारवाला तिला ‘मागची मालकीण’ म्हणायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘स्कूटर मी चालवतो आणि मला ही चालवते!’ लोक हसायचे. तीही हसायची. दुकानात ती तयार झालेली प्रत्येक कात्री ओल्या फडक्यावर चालवून बघायची, आणि अधूनमधून एखादी गुपचूप पुन्हा त्याच्या समोर सरकवायची. ‘ही राहिली वाटतं तुमची.’ तोही म्हणायचा, ‘राहिली असेल.’

सगळ्यात कळस म्हणजे हल्ली त्याने एक नवीनच टकळी लावली होती. ‘लोकांना शिस्त आली बरं का. पूर्वी काय हॉर्न वाजवायचे! डोकं उठायचं. आता बघा, कसा शांत असतो रस्ता.’ ऐकणारे एकमेकांची तोंडं बघायचे. बायको पिशवीचे बंद आवळत बसायची.

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. साधा म्हणता म्हणता छातीत जाऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं, गार वाऱ्यात फिरू नका. लेकीने फोनवर रडून सांगितलं. धारवाला काही अगदीच दगड नव्हता, तोही म्हणाला, ‘तू राहा घरी. मी पिशवी टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवतो.’

‘टॉवेलाला काय कळतंय धारेतलं!’ ती म्हणाली, आणि मफलर गुंडाळून बाहेर येऊन उभी राहिली.

आणि हा माणूस खूश झाला हो! त्याला वाटलं, एक दिवस करमत नाही हिला माझ्याशिवाय. या वयात! किक मारताना गाण्याची लकेर सुद्धा घेतली त्याने. रस्ताभर ती मागे खोकत होती. ते पाठीला जाणवायचं, तेवढंच. ऐकू येत नव्हतं ना.

असे पाच आठवडे. मग ताप, मग न्यूमोनिया, मग तो वॉर्ड.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी धारवाल्याने स्कूटर बाहेर काढली. लेक म्हणत होती, इतक्यात नको. पण टेलरबाईंच्या कात्र्या पडून होत्या. या टेलरबाई म्हणजे बायकोची जुनी मैत्रीण, कोपऱ्यावरच त्यांचं दुकान. त्याने पिशवी टॉवेलात गुंडाळून डिकीत कोंबली आणि निघाला. खड्डा आला की त्याचा जीव वरखाली. गेली, धार गेली!

टेलरबाईंच्या दुकानासमोर तो उजवीकडे वळला, आणि पुढच्याच क्षणी पायाशी कसला तरी हादरा बसला. वळून बघतो तर पाण्याचा टँकर. पाठीमागे हातभर अंतरावर उभा, चाकांखालून धूर निघतोय. ड्रायव्हर खाली उडी मारून आला. त्याचं तोंड हलत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मग त्याने खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबून धरला, की बाबा, हा, हा वाजवत होतो मी! फुटपाथवरच्या एका माणसाने कानांवर हात दाबले. एका बाईने चेहरा वाकडा केला.

धारवाल्याला दूर कुठेतरी माशी घोंघावल्यासारखं काहीतरी वाटलं. बस.

तो त्या ड्रायव्हरच्या हाताकडे बघत राहिला. हात हॉर्नवर होता, अजून दाबलेलाच होता.

टेलरबाई धावत आल्या, त्याला दंडाला धरून आत नेलं, पाणी दिलं. मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यांदा म्हणाल्या, ‘तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिनेच तोंडं बंद केली होती आमची. म्हणायची, ह्यांना कळलं तर दुकान बंद करतील, आणि दुकान बंद केलं तर हे जगायचे नाहीत. मी आहे ना मागे.’

धारवाला उठला, डिकी उघडली, पिशवी आणली. टेलरबाईंच्या टेबलावरची एक चिंधी पाण्यात बुडवून पिळली. एक कात्री काढली आणि टोकाने चिंधी कापली. ओलं कापड टोकाशी कापलं जाणं ही खरी परीक्षा. सर्रकन कापलं गेलं. दुसरी काढली. तीही तशीच. सगळ्या कात्र्या त्याने एकेक करून चालवल्या. चौदा होत्या. एकीचीही धार गेली नव्हती.

‘डिकीत धार जात नाही,’ तो म्हणाला. आणि टेलरबाईंच्या दुकानात, मापं द्यायला आलेल्या दोन बायकांच्या देखत, टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. वर्तमानपत्र त्याच्या छातीवर होतं. तिच्या छातीवर वारा होता, सहा हिवाळे. लेकीने देऊ केलेली ती गाडी ठेवून घेतली असती तर! काय बिघडलं असतं त्याचं?

रडून झाल्यावर त्याला ते शब्द आठवले. म्हणजे न ऐकलेले शब्द. तिचा आवाज फुटत नव्हता असं थोडंच होतं? ती बोलली होती, नीट बोलली होती. दोन्ही खांद्यांवर थोपटलं होतं. दोन्ही खांद्यांवर म्हणजे थांबा. पण काय थांबवायचं? आणि आपण कशाला हो म्हणालो?

लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते, बाबा.’ ती डोळे पुसू लागली, म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही. मग राहिली एकच, ती नर्स.

दुसऱ्या दिवशी, एवढं सगळं होऊनही, तो स्कूटर काढूनच दवाखान्यात गेला. हटवादी तो हटवादीच! पण कडेकडेने गेला, दर दहा पावलांवर मान वळवून मागे बघत. मान अवघडून गेली.

नर्सने त्याला ओळखलं. तो म्हणाला, ‘बाई, मला ऐकू येत नाही. जरा मोठ्यांदा बोला.’ हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. ‘माझी बायको त्या दिवशी मला काय म्हणाली?’

नर्स गोंधळली. ‘तुम्ही तर हो म्हणालात ना?’

‘म्हणालो. ऐकलं नव्हतं.’

नर्सने हातातली फाइल खाली ठेवली. जवळ आली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘त्या म्हणाल्या, मी मागे नसेन तेव्हा स्कूटरवर बसायचं नाही. कबूल? तुम्ही दोनदा हो म्हणालात.’

‘आणि तुम्हाला काय म्हणाली? तुम्ही हसला होता.’

‘म्हणाल्या, एकदाचं ऐकलं बाई माझं. आता मला काळजी नाही.’

धारवाला तिला नमस्कार करून खाली आला. स्कूटर सावलीत उभी होती. त्याने सवयीने किल्ली लावली, पाय किकवर ठेवला. तो पाय त्याने परत काढून घेतला. किल्ली खिशात टाकली. रिकामी पिशवी डिकीतून काढून मागच्या सीटवर ठेवली, बंदांनी नीट बांधली, आणि दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर ढकलत निघाला.

घर चार किलोमीटरवर. मध्ये एक चढ. दोनदा टेकून बसला, हेल्मेट अजून डोक्यावरच आहे हे दुसऱ्यांदा बसल्यावर लक्षात आलं.

टेलरबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. घामाने निथळलेला तो माणूस बघून त्या घाबरल्याच. जवळ येऊन त्याच्या उजव्या कानाशी ओरडल्या, ‘बंद पडली का?’

‘नाही, चालू आहे,’ धारवाला म्हणाला. ‘मी तिला हो म्हणालोय.’

आणि रस्त्याच्या कडेने स्कूटर ढकलत तो घराकडे गेला.